वस्तीतल्या मनपा शाळेला हक्काचे शिक्षक आणि खोल्या मिळवायच्या कशा: पाहणीपासून अपिलापर्यंत

एकाच महापालिकेच्या दोन शाळा. एकीत प्रत्येक वर्गाला शिक्षक, स्वच्छ नळ, चालू संगणक कक्ष. दुसरीत तिसरी आणि चौथी एकाच खोलीत पाठीला पाठ लावून बसलेली, आणि दोन्ही वर्गांना मिळून एक मॅडम. मराठवाड्यातल्या कुठल्याही मोठ्या शहरात असं चित्र दिसतं. शहराच्या जुन्या, वजनदार भागातल्या शाळेला जे सहज मिळतं, ते हद्दीवरच्या वस्तीतल्या शाळेला वर्षानुवर्षं मिळत नाही.

पालक गप्प बसतात असं नाही. अर्ज करतात, नगरसेवकाकडे जातात, कधी शाळेला कुलूप लावतात. तरी हाती काही लागत नाही, कारण बहुतेक अर्जांत “आमच्या शाळेकडे दुर्लक्ष होत आहे, तरी लक्ष द्यावे” एवढंच लिहिलेलं असतं. अशा अर्जावर अधिकाऱ्याला कुठलाच आदेश काढता येत नाही. तो “आवश्यक कार्यवाहीसाठी” म्हणून खाली पाठवतो आणि तिथे तो फाईलला लागतो. मागणी आकड्यात, कलमासह, योग्य टेबलावर आणि योग्य महिन्यात गेली तरच ती हलते. त्याचा क्रम पुढे दिला आहे. उदाहरणं छत्रपती संभाजीनगरची असली, तरी लातूर, नांदेड, परभणी आणि जालना महापालिकांतही हाच क्रम चालेल.

तयारी: माणसं, वही आणि महिने

एकट्याने सुरुवात करू नका. पाच-सहा पालक हवेत, त्यात निम्म्या तरी आया असाव्यात. दुपारी शाळेच्या आसपास त्याच असतात आणि स्वच्छतागृहाची खरी अवस्था मुली त्यांनाच सांगतात. एक जाड वही घ्या. तारीख, वेळ, काय पाहिलं, कोण हजर होतं, एवढंच त्यात लिहायचं. मतं नकोत.

महिन्यांचं गणित आधी समजून घ्या, कारण सगळ्यात जास्त मेहनत इथेच वाया जाते. शाळा जूनमध्ये उघडते. किती शिक्षकांची पदं मंजूर व्हायची, म्हणजे संच मान्यता, ती ३० सप्टेंबरच्या पटावर, म्हणजे शाळेत नोंदलेल्या मुलांच्या संख्येवर, ठरते. महापालिकेचं अंदाजपत्रक १ एप्रिलपासून लागू होतं आणि त्याची जुळवाजुळव हिवाळ्यातच सुरू होते. मार्चमध्ये खोलीची मागणी केली, तर “पुढच्या वर्षी बघू” हे उत्तर ठरलेलं. म्हणून पाहणी जुलै-ऑगस्टमध्ये, पटाचं काम सप्टेंबरआधी, माहिती मागवणं ऑक्टोबरमध्ये आणि ठराव व मागणी डिसेंबरच्या आत, असा बेत ठेवा.

> सावधान: मुख्याध्यापकांना विश्वासात घेतल्याशिवाय पाहणीला जाऊ नका. शिक्षक कमी असण्याचा सगळ्यात जास्त त्रास त्यांनाच होतो. त्यांना वर लिहिता येत नाही ते तुम्ही लिहिणार आहात, हे त्यांना नीट सांगा.

टप्पा १. शाळा नेमकी कोणाची ते कागदावर पाहा

“सरकारी शाळा” म्हटलं की सगळे एकाच कार्यालयाकडे बोट दाखवतात. प्रत्यक्षात शहरात महापालिकेच्या शाळा असतात, जिल्हा परिषदेच्या असतात आणि खासगी संस्थांच्या अनुदानित शाळाही असतात. सातारा-देवळाईसारखा भाग आधी ग्रामपंचायतीत होता, मग महापालिकेत आला. अशा भागांत शाळेच्या पाटीवर एक नाव आणि दप्तरी दुसरंच, असं असू शकतं. पाटीवर भरवसा ठेवू नका.

यू-डायस म्हणजे देशभरातल्या शाळांच्या माहितीची सरकारी नोंद. तिच्यात प्रत्येक शाळेला ११ अंकी यू-डायस क्रमांक असतो. महाराष्ट्रातल्या शाळांचा क्रमांक २७ ने सुरू होतो. तो शाळेच्या दर्शनी फलकावर किंवा कार्यालयात मिळतो. यू-डायसच्या संकेतस्थळावर हा क्रमांक टाकला की शाळेचं प्रगतिपत्रक उघडतं. त्यात व्यवस्थापन कोणाचं, माध्यम कोणतं, इयत्ता कुठून कुठपर्यंत, इयत्तावार पट, शिक्षक, खोल्या, स्वच्छतागृहं, पाणी, वीज, ग्रंथालय असं सगळं असतं. त्याच्या दोन प्रती काढा. एक फाईलला लावा आणि दुसरी हातात घेऊन पुढचा टप्पा करा.

तपासा: “व्यवस्थापन” या ओळीत काय लिहिलं आहे? महापालिका असेल तर अर्ज मनपाच्या शिक्षण विभागाकडे आणि आयुक्तांकडे. जिल्हा परिषद असेल तर गटशिक्षणाधिकारी आणि शिक्षणाधिकारी (प्राथमिक) यांच्याकडे. ही ओळ चुकली तर अर्ज दोन कार्यालयांमध्ये टोलवला जातो आणि त्यात हंगाम निघून जातो.

टप्पा २. कागदावर काय आणि समोर काय

हा टप्पा घाईत उरकू नका. पुढची सगळी फाईल याच्यावर उभी राहते.

यू-डायसच्या प्रतीवर प्रत्येक नोंदीपुढे तुम्ही काय पाहिलं ते लिहायचं. एकाच दिवशी नव्हे, वेगवेगळ्या वारी आणि वेगवेगळ्या वेळी जा. परिपाठाच्या वेळी, दुपारच्या सुट्टीत, शेवटच्या तासाला. शनिवारची सकाळची शाळाही पाहा.

*शिक्षक.* कागदावर चार असतील, पण एखादे सर प्रतिनियुक्तीवर, म्हणजे पद शाळेत ठेवून तात्पुरते दुसऱ्या कामावर, कार्यालयात बसत असतील, तर मुलांच्या वाट्याला तीनच येतात. मस्टरवर, म्हणजे शिक्षकांच्या हजेरीवहीत, नावं किती आणि वर्गावर किती, हे दोन आकडे वेगळे लिहा. कोणी निवडणुकीच्या किंवा जनगणनेच्या कामाला गेले असतील तर तशी नोंद करा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ प्रमाणे जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढीच बिगरशैक्षणिक कामं शिक्षकांना देता येतात. बाकीच्या कामांसाठी वर्ग सुटत असेल तर काम कोणतं आणि किती दिवस, हे लिहून ठेवा.

*खोल्या.* मोजताना “वापरात” असलेल्याच मोजा. गळणारी, पोषण आहाराच्या तांदळाची पोती ठेवलेली, मतदान साहित्याने भरलेली खोली वर्गखोली नव्हे. पत्र्याची खोली असेल तर तसं लिहा. एप्रिलमध्ये आपल्याकडे चाळिशीच्या पुढच्या उन्हात त्या पत्र्याखाली सकाळी अकरानंतर मूल बसू शकत नाही.

*स्वच्छतागृह.* “आहे” म्हणजे काय, ते जवळून पाहा. दाराला आतून कडी आहे का? नळाला पाणी येतं की बादली भरून ठेवावी लागते? दुपारच्या सुट्टीत कुलूप उघडं असतं का? मुलींचं स्वच्छतागृह बांधलेलं, रंगवलेलं, दारावर बाहुलीचं चित्र काढलेलं, पण किल्ली कार्यालयातल्या खिळ्याला, आणि ती मागायला लाज वाटते म्हणून सातवीतल्या मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत, हे प्रगतिपत्रकात कुठल्याही रकान्यात सापडत नाही. ते वहीत लिहा आणि दोन आयांची साक्ष घ्या.

*पाणी.* छत्रपती संभाजीनगरात नळाला रोज पाणी येत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे “पिण्याच्या पाण्याची सोय: होय” या नोंदीला फारसा अर्थ उरत नाही. टाकी किती लिटरची, पाणी किती दिवसांआड येतं, टाकी कितव्या दिवशी कोरडी पडते, मधल्या दिवसांत टँकर येतो का, आणि टाकी शेवटची कधी धुतली, हे लिहा.

*वाट.* राज्याच्या नियमांप्रमाणे पाचवीपर्यंतची शाळा वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत हवी. अंतर मोबाईलच्या नकाशावर मोजाच, पण मुलांसोबत एकदा चालूनही पाहा. नकाशावर आठशे मीटर दिसणारी शाळा बीड बायपासच्या किंवा रेल्वेरुळांच्या पलीकडे असली, तर पहिलीतलं मूल एकटं जाऊ शकत नाही. कुठे ओलांडावं लागतं ते कागदावर हाताने काढून दाखवा.

> सावधान: वर्ग चालू असताना चित्रण करू नका. मुलांचे चेहरे फोटोत येऊ देऊ नका. गळणारं छत, बंद नळ, भिंतीची भेग यांचे फोटो पुरेसे आहेत. शिक्षकांचा व्हिडिओ काढून गटांत फिरवला की शाळा तुमच्या विरोधात उभी राहते आणि मूळ प्रश्न बाजूला पडतो.

टप्पा ३. निकषाशी गाठ घाला

आता “कमी आहे” असं न म्हणता “किती कमी आहे” ते काढायचं. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीत सगळे निकष दिले आहेत. पहिली ते पाचवीसाठी पट ६० पर्यंत असेल तर दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार, १२१ ते २०० ला पाच. पट १५० च्या पुढे गेला की पाच शिक्षक आणि शिवाय मुख्याध्यापक. सहावी ते आठवीसाठी दर ३५ मुलांमागे किमान एक शिक्षक, आणि त्यांत विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रं आणि भाषा या तिन्हींसाठी किमान एकेक हवा. इमारतीत प्रत्येक शिक्षकामागे किमान एक वर्गखोली, कार्यालयासह मुख्याध्यापकांची खोली, मुलामुलींना वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं सुरक्षित पाणी, पोषण आहारासाठी स्वयंपाकघर, मैदान, कुंपण आणि दिव्यांग मुलांना विनाअडथळा येता येईल अशी वाट हवी.

समजा, तुमच्या शाळेत पहिली ते पाचवीचा पट १३८ आहे. निकषाने पाच शिक्षक हवेत. मस्टरवर तीन आहेत, त्यातले एक प्रतिनियुक्तीवर. मग फाईलमध्ये असं लिहा: “गरज ५, नोंद ३, वर्गावर २, तूट ३.” खोल्या पाच हव्यात, वापरात तीन, म्हणजे तूट दोन. अर्जाचा गाभा एवढाच.

> तपासा: पटाचा आकडा हजेरीपटावरून घेतला का? वस्तीत ऐकलेला “दीडशे तरी असतील” हा आकडा अर्जात गेला आणि कार्यालयाने हजेरीपट काढला, तर सगळीच फाईल संशयात येते.

टप्पा ४. पट ३० सप्टेंबरच्या आत नीट करा

हा टप्पा पालक हमखास विसरतात, आणि मग वर्षभर शिक्षक मागत बसतात. संच मान्यतेत आधार जुळलेली मुलंच मोजली जातात. नावातलं स्पेलिंग, जन्मतारीख किंवा लिंग आधारवर एक आणि शाळेत दुसरं असेल, तर मूल वर्गात बसतं, खिचडी खातं, पण मोजणीत येत नाही. अशी दहा-बारा मुलं निघाली तर एक अख्खं पद जाऊ शकतं.

ऑगस्टमध्येच मुख्याध्यापकांकडून न जुळलेल्या मुलांची यादी घ्या आणि त्यांच्या घरी जा. आधार केंद्रावर सोबत जायला लागलं तर जा. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा या औद्योगिक पट्ट्यांत आणि बांधकामांवर कामाला आलेली बीड-जालन्याकडची कुटुंबं पाहा. त्यांची मुलं शाळा सोडल्याचा दाखला नाही म्हणून घरीच असतात. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही (कलम १४). मुदत उलटली म्हणूनही नाकारता येत नाही (कलम १५). दाखला यायला उशीर झाला, हेही प्रवेश लांबवण्याचं कारण होऊ शकत नाही (कलम ५). वयाप्रमाणे योग्य वर्गात बसवायचं असतं (कलम ४). प्रवेश आधी, कागद नंतर, हा क्रम मुख्याध्यापकांशी शांतपणे ठरवून घ्या.

वस्तीतले जरा बरी परिस्थिती असलेले पालक मुलांना दूरच्या चांगल्या शाळेत हलवतात. त्यांना दोष देता येत नाही. मुलाचं वर्ष परत येत नाही आणि दुसऱ्या सरकारी किंवा अनुदानित शाळेत बदली मागणं हा मुलाचा हक्क आहे. पण सप्टेंबरच्या तोंडावर पाच-सात घरांनी एकदम दाखले काढले, तर मागे राहिलेल्या मुलांचा शिक्षक जातो, हे त्या घरांना मोकळेपणाने सांगा. निर्णय त्यांचा.

टप्पा ५. शेजारच्या शाळांशी तुलना

निकष सांगतो की तुमच्या शाळेला किती कमी आहे. तुलना सांगते की तेच दुसरीकडे दिलं गेलं आहे. विषमतेचा मुद्दा इथेच सिद्ध होतो, म्हणून शाळा नीट निवडा. एकाच व्यवस्थापनाच्या, एकाच माध्यमाच्या आणि जवळपास सारख्या पटाच्या तीन-चार शाळा घ्या. मनपाची उर्दू माध्यमाची शाळा असेल तर तिची तुलना मनपाच्याच दुसऱ्या उर्दू शाळेशी करा, कारण शिक्षक माध्यमनिहाय असतात. खासगी इंग्रजी शाळेशी केलेली तुलना अधिकारी एका वाक्यात उडवून लावतो, आणि तिथे त्याचं बरोबर असतं.

यू-डायसवरून ढोबळ तक्ता तयार होईल. पण मंजूर आणि रिक्त पदांचा पक्का आकडा माहितीच्या अधिकारात मागवा. महाराष्ट्रात अर्जाला १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं, अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत असावा लागतो. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही, दाखल्याची प्रत जोडावी. मजकूर असा ठेवा:

“आपल्या अखत्यारीतील सर्व प्राथमिक शाळांची चालू शैक्षणिक वर्षाची शाळानिहाय व माध्यमनिहाय माहिती मिळावी: (१) ३० सप्टेंबरचा पट, (२) मंजूर शिक्षक पदे, (३) कार्यरत शिक्षक, (४) रिक्त पदे, (५) प्रतिनियुक्तीवर असलेल्या शिक्षकांची संख्या व आदेशाची प्रत, (६) अतिरिक्त ठरलेल्या शिक्षकांची संख्या.”

“का दिले नाही”, “जबाबदार कोण” असे प्रश्न विचारू नका. जन माहिती अधिकारी कागद देऊ शकतो, कारणं देण्याचं त्याच्यावर बंधन नाही. तीस दिवसांत उत्तर नाही आलं किंवा अर्धवट आलं, तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील करा. त्याला २० रुपयांचं तिकीट लागतं. त्यापुढे राज्य माहिती आयोगाचं छत्रपती संभाजीनगर खंडपीठ आहे, पण तिथे वेळ जातो. अपील चालू ठेवून हातात असलेल्या माहितीवर पुढचा टप्पा सुरू करा.

उत्तर आलं की आधी सहावा मुद्दा वाचा. कुठल्या शाळेत शिक्षक अतिरिक्त, म्हणजे मंजूर पदांपेक्षा जास्त, आहेत आणि तुमच्याकडे तूट आहे, हे एका पानावर शेजारीशेजारी मांडा. या पानाला उत्तर देणं कार्यालयाला कठीण जातं. नवी भरती राज्याच्या शिक्षक भरतीच्या ‘पवित्र’ पोर्टलवरून होते आणि तिला किती काळ लागेल हे शहराच्या हातात नसतं. पण आपल्याच एका शाळेतून दुसऱ्या शाळेत समायोजन करणं मात्र हातात असतं.

टप्पा ६. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव

कायद्याच्या कलम २१ प्रमाणे समितीत तीन चतुर्थांश पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला हव्यात. अनेक ठिकाणी समिती कागदावरच असते. अध्यक्षांना आपण अध्यक्ष आहोत हे सहीपुरतं ठाऊक असतं. आधी सदस्यांची यादी आणि इतिवृत्ताची वही मागा. समितीची मुदत संपली असेल तर पालकसभा घेऊन नवी निवड करायचा आग्रह धरा. जुन्या समितीच्या नावाने ठराव केला तर तो एका आक्षेपाने पडतो.

मग बैठक लावा. लेखी सूचना द्या आणि विषयपत्रिकेत विषय स्पष्ट लिहा. रोजंदारीवर जाणारे पालक यावेत म्हणून वेळ संध्याकाळची किंवा रविवारची ठेवा. कलम २२ प्रमाणे शाळा विकास आराखडा करणं समितीचं काम आहे आणि शासनाने किंवा स्थानिक प्राधिकरणाने द्यायच्या अनुदानाचा आधार तोच आराखडा असतो, असं कायदाच म्हणतो. म्हणून तूट आधी आराखड्यात घाला, मग ठराव करा. ठरावाची भाषा साधी आणि पुरी असावी:

“ठराव क्र. … : शाळेतील इयत्ता १ ली ते ५ वीचा पट १३८ असून बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ च्या अनुसूचीनुसार ५ शिक्षक आवश्यक आहेत. प्रत्यक्षात वर्गावर २ शिक्षक आहेत. तरी रिक्त जागी समायोजनाने शिक्षक द्यावेत व प्रतिनियुक्ती रद्द करावी, अशी मागणी सर्वानुमते करण्यात येत आहे. सूचक: … अनुमोदक: …”

> तपासा: इतिवृत्तावर हजर सदस्यांच्या सह्या, तारीख आणि मुख्याध्यापकांचा शिक्का आहे का? अंगठा असेल तर पुढे नाव लिहिलं आहे का? ठरावाची सत्यप्रत तुमच्याकडे आली का?

टप्पा ७. एक मागणी, एक अर्ज, एक टेबल

सतरा मागण्यांचं निवेदन फोटो काढायला बरं असतं. कार्यालयात मात्र ते ज्याच्याकडे जातं त्याच्या अखत्यारीत त्यातल्या दोनच मागण्या असतात आणि बाकीच्या तिथेच विरून जातात. शिक्षक, प्रतिनियुक्ती आणि समायोजन हा शिक्षणाधिकाऱ्यांचा विषय. खोली, छत, स्वच्छतागृह, कुंपण हा शहर अभियंत्यांचा, आणि त्याला अंदाजपत्रकात तरतूद लागते. टाकी आणि टँकर पाणीपुरवठा विभागाचा. शाळेसमोरचा गतिरोधक आणि ओलांडण्याची जागा आणखी वेगळ्या विभागाची. प्रत्येकाला वेगळा अर्ज द्या. सगळ्यांची प्रत आयुक्तांना आणि वॉर्डाच्या नगरसेवकांना.

अर्ज दीड पानाच्या वर नको. विषयाच्या ओळीत शाळेचं नाव, यू-डायस क्रमांक आणि मागणी लिहा. पहिल्या परिच्छेदात तूट आकड्यात. दुसऱ्यात कलम आणि अनुसूची. तिसऱ्यात तुलनेचा निष्कर्ष दोन ओळींत, तक्ता सोबत जोडून. शेवटी नेमकं काय आणि किती तारखेपर्यंत हवं ते. “अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल” हे वाक्य पहिल्या अर्जात घालू नका. त्याने अर्जाचं वजन वाढत नाही, उलट तो आंदोलनांच्या गठ्ठ्यात जातो.

अर्ज साहेबांच्या हातात देऊन, चहा घेऊन परत येऊ नका. आवक विभागात द्या, आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. तो क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा. पुढचं प्रत्येक पत्र त्या क्रमांकाचा संदर्भ देऊनच लिहायचं.

> सावधान: अर्जात एकाही शिक्षकाच्या शिकवण्यावर टीका नको. तो वेगळा विषय आहे. तूट आणि तक्रार एकत्र आली की चौकशी शिक्षकाची लागते आणि रिकामी जागा रिकामीच राहते.

टप्पा ८. कलम ३२ ची तक्रार

पंधरा-वीस दिवसांनी स्मरणपत्र द्या. त्यानंतरही हालचाल नसेल तर पुन्हा साधं निवेदन देत बसू नका. कलम ३२ खाली लेखी तक्रार करा. ही तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे मनपा शाळेसाठी महापालिकेकडे करायची असते. संबंधितांना म्हणणं मांडायची संधी देऊन तीन महिन्यांत तिचा निर्णय देणं कायद्याने बंधनकारक आहे. साध्या निवेदनाला अशी मुदत नसते, फरक इथे आहे. विषयाच्या ओळीत “बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ च्या कलम ३२ अन्वये तक्रार” असं ठळक लिहा, नाहीतर आवक विभाग तिला निवेदन म्हणूनच नोंदवतो.

तक्रारदार म्हणून प्रत्यक्ष त्या शाळेत शिकणाऱ्या मुलाच्या आई किंवा वडिलांची सही असू द्या. सोबत आधीचा अर्ज, पोच, ठरावाची प्रत, तूट व तुलनेचा तक्ता आणि निवडक फोटो क्रमाने लावा आणि पानांना क्रमांक घाला. शिक्षकांच्या मागणीत कलम २६ जरूर घाला: शाळेत मंजूर पदांच्या दहा टक्क्यांहून जास्त पदं रिक्त राहू द्यायची नाहीत, असं ते सांगतं. लहान शाळेत पाचपैकी एक पद रिकामं असलं तरी ते वीस टक्के होतं.

सुनावणीला तीन-चार जण जा, बोलायला मात्र एकच. त्यात एक आई असावीच. “भरती झाली की देऊ” असं उत्तर आलं, तर समायोजनाचं पान पुढे करा आणि तात्पुरती व्यवस्था कोणत्या तारखेपासून, ते विचारा. तोंडी आश्वासन मिळालं तर तेच दुसऱ्या दिवशी पत्रात लिहून आवकमध्ये द्या: “दि. … च्या सुनावणीत आपण सांगितल्याप्रमाणे…” अशी सुरुवात करून.

निर्णय मान्य नसेल, तर महाराष्ट्र राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येतं. तीन महिने उलटूनही निर्णय आला नाही, तर त्याच आयोगाकडे दाद मागा. फाईल आधीच क्रमाने लावलेली असेल तर नव्याने काही जमवावं लागत नाही, फक्त वर एक पानाचं अपील लावायचं.

टप्पा ९. आदेश निघाल्यावर

समायोजनाचा आदेश निघाला म्हणजे शिक्षक वर्गावर आले असं नाही. आदेशाची प्रत घ्या, रुजू होण्याची तारीख पाहा आणि त्या दिवशी मुख्याध्यापकांकडून रुजू अहवाल गेला का ते विचारा. काही आदेश आठवड्याभरात “अंशतः बदल” करून फिरवले जातात, म्हणून महिनाभराने मस्टर आणि वर्ग दोन्ही पुन्हा पाहा आणि वहीत लिहा. नव्या मॅडम लांबून येत असतील तर त्यांना रिक्षा कुठून मिळते, पाणी कुठे भरायचं, एवढं तरी वस्तीने पहिल्याच दिवशी सांगावं. हद्दीवरच्या शाळेतून बदली मागायचं कारण बऱ्याचदा तिथपर्यंत पोचणंच असतं.

बांधकामाचं असेल तर प्रशासकीय मान्यता, निविदा आणि कार्यादेश (ठेकेदाराला काम सुरू करण्याचा आदेश) हे तीन कागद वेगवेगळे असतात. “मंजूर झालं” असं कोणी सांगितलं की यातलं नेमकं काय झालं ते विचारा आणि त्याचा क्रमांक-दिनांक मागा. काम सुरू झाल्यावर त्या कामाच्या खर्चाच्या अंदाजपत्रकाची प्रत मिळवा आणि स्वच्छतागृहाच्या यादीत पाण्याची जोडणी व टाकी आहे का ते आधी पाहा. ती नसेल तर पाया खोदला जात असतानाच लेखी कळवा. भिंती उभ्या राहिल्यावर नळासाठी पुन्हा पहिल्या टप्प्यापासून सुरुवात करावी लागते.